बगॅसची काळी पूड आणि अनुदानाचे तीन हप्ते

सरकारी अनुदानासाठीच्या पहिल्या सादरीकरणात सातव्या मिनिटालाच मला थांबवलं. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही बगॅसला कचरा म्हणताय आणि त्याची किंमत शून्य धरलीय. असा फुकट बगॅस देणारा एक साखर कारखाना सांगा."

मला सांगता आला नाही. बगॅस म्हणजे ऊस गाळल्यावर उरणारा चोथा, आणि त्यापासून आम्हाला बॅटरीत लागणारी कार्बनची पूड करायची होती. माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होते. लहानपणी त्या बगॅसच्या ढिगावर आम्ही पोरं उड्या मारायचो. तरीही मी स्लाइडवर 'कृषी-कचरा' असा शब्द टाकून मोकळा झालो होतो, कारण सगळेच तसं लिहितात. पंधरा दिवसांनी ईमेल आला, अर्ज नामंजूर. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: कच्च्या मालाचा पुरवठा आणि दर सिद्ध केलेला नाही.

ही मार्च २०२३ मधली गोष्ट. पुढच्या सव्वादोन वर्षांत आम्हाला अठरा लाख रुपये मंजूर झाले, ते तीन हप्त्यांत आले आणि त्यांचा हिशोब देऊन झाला. बॅटरीच्या नव्या तंत्रज्ञानाला सरकार पैसे देतं का, असं आता आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मला विचारतं. देतं. पण कुठल्या टप्प्याला देतं, कशासाठी देत नाही आणि दोन हप्त्यांच्या मधले महिने कसे काढायचे, हे माहितीपत्रकात नसतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी चौदा वर्षं लेड-ॲसिड बॅटरीच्या कारखान्यात फॉर्मेशन विभागात, म्हणजे बॅटरीला पहिला चार्ज देतात तिथे, काढली. प्लेटा, ॲसिड, चार्जिंगच्या रांगा, वासावरून कळणारं तापमान, हे माझं शिक्षण. माझी भागीदार रसायनशास्त्रात पीएचडी आहे आणि कार्बनवर तिने आठ वर्षं काम केलंय. जुलै २०२२ मध्ये आम्ही दोघांनी कंपनी नोंदवली आणि भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला. आम्हाला सोडियम-आयन सेलचा ॲनोड, म्हणजे त्यातला ऋण इलेक्ट्रोड, बनवायचा होता. अख्खा सेल बनवायची आमची ऐपत नव्हती, आजही नाही. आम्हाला फक्त त्यातली काळी पूड करायची होती.

सोडियम-आयन सेल आतून लिथियम-आयनसारखाच असतो. चार्ज करताना आयन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. मात्र लिथियमच्या सेलमध्ये ॲनोडला जे ग्राफाइट चालतं, त्याच्या थरांमध्ये सोडियम नीट बसत नाही. त्याला लागतं हार्ड कार्बन. हा असा कार्बन, की कितीही तापवला तरी त्याचं ग्राफाइट होत नाही. त्याचे थर वेडेवाकडे राहतात आणि मधे बंद पोकळ्या राहतात, त्या पोकळ्यांत सोडियम मुक्कामाला येतं. नारळाची करवंटी, लाकूड, उसाचा चोथा अशा वनस्पतिजन्य मालापासून तो बनतो. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी बसते आणि लांब पल्ल्याच्या गाडीला लिथियमच बरं. पण सोडियम मिठातून मिळतं. दोन्ही इलेक्ट्रोडना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, तांब्याचा खर्च वाचतो. सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून वाहतूक करता येते. रिक्षा, इन्व्हर्टर, सौरऊर्जेची साठवण, या ठिकाणी मला त्याची जागा स्पष्ट दिसत होती, कारण चौदा वर्षं मी त्याच गिऱ्हाइकांसाठी शिसं वापरत होतो.

कागदांचा भाग पटकन सांगतो, कारण तो खरंच पटकन झाला. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते, एका दुपारचं काम. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता ऑनलाइन मिळाली. त्यानंतर स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत अर्ज. ही योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. सरकार पैसे थेट कंपनीला देत नाही, इन्क्युबेटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेला, देतं आणि इन्क्युबेटरची समिती कंपन्या निवडते. एका वेळी तीन इन्क्युबेटरांना पसंतीक्रम लावून अर्ज करता येतो. कल्पना सिद्ध करायला, नमुना बनवायला, चाचण्यांना २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्जरूपाने किंवा पुढे शेअरमध्ये रूपांतरित होणाऱ्या रोख्यांच्या रूपाने.

यातल्या दोन अटी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी नको. आणि केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या कुठल्या योजनेतून आधी दहा लाखांहून जास्त रक्कम घेतलेली नको. म्हणजे कुठल्या योजनेकडे आधी जायचं याचा क्रम महत्त्वाचा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत दहा लाखांपर्यंत मिळतात, ते घेऊन इकडे येता येतं. पण मधे अजून एखादं छोटं अनुदान घेऊन बसलात तर हे दार बंद. माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या टीमचं असंच झालं, दोन लाखांपायी वीस लाख गेले.

नामंजुरीनंतर मी गावी गेलो. वडिलांना, म्हणजे अण्णांना, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, बगॅस म्हंजे कारखान्याचं सरपण हाय. आमी एकतीस वरसं त्येच जाळलं. फुकट कोन देनार तुला? तू इचारायचंस तरी."

मी विचारलं नव्हतं. त्या रात्री अण्णांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही शोधनिबंधात इतकं नीट नव्हतं. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो, पण त्यात निम्मं पाणी असतं. कारखाना त्यावर वाफ करतो, वाफेवर स्वतः चालतो आणि सहवीज प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकतो. म्हणून बगॅसचा दर हा विजेच्या दराला बांधलेला असतो. ज्याचा बॉयलर चांगला, त्याच्याकडे हंगामाच्या शेवटी बगॅस उरतो, तो तो विकतो. उघड्यावर पडलेला ढीग आतून आंबतो, तापतो, कधी पेटतो. पावसात भिजलेला माल कोणाच्या कामाचा नाही. आणि मातीचा ऊस आला की राख वाढते. "राख वाढली की बॉयलर बोंबलतो," अण्णा म्हणाले.

राखेचं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण आमचा पहिला नमुना राखेनेच मारला होता. बगॅसच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. आमच्या पहिल्या पुडीने ग्रॅमला २१४ मिलिॲम्पिअर-तास क्षमता दिली होती, आणि पहिल्या चार्जमध्ये घातलेल्या विजेपैकी जेमतेम ६६ टक्के परत केली होती. उरलेलं सोडियम कायमचं अडकून पडतं. बाजारात हे कोणी घेणार नाही, कारण तेवढं सोडियम समोरच्या इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे कॅथोडमध्ये, जास्तीचं भरावं लागतं आणि सेल महाग होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मी एका कारखान्याच्या कार्यालयात गेलो. अण्णांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता तिथे बॉयलर विभागाचा प्रमुख होता. तो अण्णांच्या पाया पडला, चहा झाला, आणि दोन आठवड्यांत कारखान्याच्या कागदावर पत्र मिळालं: हंगामाच्या अखेरीस शिल्लक बगॅसपैकी ठरावीक माल, त्या वेळच्या विक्रीदराने. 'किंमत शून्य' ही ओळ मी स्लाइडवरून काढली आणि तिथे खरा दर टाकला. गंमत बघा, दर टाकल्यावर आमचा हिशोब जास्त पटण्यासारखा झाला. ओल्या बगॅसच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के हार्ड कार्बन हाती येत होता. पूड महाग होत होती ती बगॅसमुळे नव्हेच, १,३०० अंशांच्या भट्टीमुळे आणि निष्क्रिय वायूमुळे.

गावाहून परतताना बसमध्ये मी अजून एक आकडेमोड केली, ती पुढे सगळीकडे कामी आली. आमच्या हिशोबाने एक गिगावॅट-तास क्षमतेच्या सोडियम सेलना सुमारे १,३०० टन हार्ड कार्बन लागेल. त्यासाठी ओला बगॅस पंधरा हजार टनांच्या थोडा वर. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या एका कारखान्याचा दहा-अकरा दिवसांचा बगॅस! महाराष्ट्र चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या पुढे ऊस गाळतो. माल आहे, भरपूर आहे. फक्त तो काढायचा तर बॉयलरला तेवढं दुसरं सरपण किंवा वाफेची तेवढी बचत दाखवावी लागेल, आणि आता आम्ही ते प्रामाणिकपणे लिहितो.

दुसरं सादरीकरण डिसेंबर २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात झालं, दुसऱ्या इन्क्युबेटरसमोर. यावेळी प्रश्न वेगळा आला आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. एक मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कंपनी काढलीत तेव्हा लिथियम आभाळाला भिडलं होतं. आता ते कोसळलंय. मग सोडियम कशाला?"

प्रश्न खरा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये बॅटरीच्या प्रतीचं लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेलं होतं. वर्षभरात ते एक लाखाच्या आसपास आलं. सोडियमचं सगळं गणित महाग लिथियमवर उभं करणाऱ्यांचे पाय त्या वर्षात लटपटले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या भागीदाराने माईक घेतला. ती म्हणाली, "मॅडम, लिथियम स्वस्त झालंय, पण ते आपलं झालेलं नाही. आणि प्रश्न एकट्या लिथियमचा नाही. याच महिन्याच्या एक तारखेपासून चीनने ॲनोडच्या ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावलाय. ॲनोड देशात बनवायचा असेल तर आपल्याकडे काय पिकतं तिथून सुरुवात करावी लागेल." मग तिने राख काढण्यासाठी धुतलेल्या बगॅसपासून केलेल्या पुडीचा आलेख दाखवला.

त्याच आठवड्यात आमच्या बाजूने अजून एक गोष्ट घडली होती. पुण्यातल्याच केपीआयटी या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं होतं, त्यामागे जवळपास दशकभराचं काम होतं. दारातून आत जाताना मला भीती वाटत होती, की समिती म्हणेल, मोठ्यांनी केलंय, तुमची गरज काय. झालं उलटंच. एका सरांनी विचारलं, "यांच्यासारख्यांना पूड कोण पुरवणार?" त्या प्रश्नाने माझ्या पोटातली गाठ सुटली.

अठरा लाख मंजूर झाले. वीस मागितले होते. छोटी ड्राय रूम उभारायचा खर्च समितीने सरळ खोडला, कारण योजनेच्या नियमांत स्पष्ट आहे, की हा निधी सुविधा उभारायला वापरता येत नाही. नियमामागचा विचार मला कळतो. पैसे भिंतींत आणि वातानुकूलनात जाऊ नयेत. पण बॅटरीच्या धंद्यात भिंती हाच धंद्याचा अर्धा भाग असतो. सेल जोडायच्या खोलीतली हवा इतकी कोरडी लागते, की तिचा दवबिंदू उणे चाळीस अंशांवर राहावा. पुण्यातल्या जुलैत तुम्ही हे साध्या खोलीत करून दाखवू शकत नाही. ॲपसाठी आणि बॅटरीसाठी एकच नियम लावला की असं होतं. आम्ही ड्राय रूमचा आग्रह सोडला आणि इन्क्युबेटरच्या प्रयोगशाळेतला ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे आत हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी, तासाच्या भाड्याने घेतला.

हप्ते असे ठरले: पाच लाख करारानंतर लगेच, सात लाख पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर, सहा लाख दुसऱ्या टप्प्यानंतर. पहिला टप्पा म्हणजे ग्रॅमला किमान २५० मिलिॲम्पिअर-तास आणि पहिल्या आवर्तनात (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) किमान ८० टक्के परतावा, तोही त्रयस्थ प्रयोगशाळेच्या अहवालासह. दुसरा टप्पा, पाच-पाच किलोच्या तीन बॅच, तिन्ही सारख्या. तिसरा, त्या पुडीचे दहा पाऊच सेल, म्हणजे चपट्या पाकिटासारखे सेल, आणि त्यांची २०० आवर्तनं. टप्पे लिहिताना आम्ही तीन रात्री भांडलो. भागीदार म्हणायची २८० लिहू, मी म्हणायचो २५०. जो कोणी अशा अर्जाला बसला असेल त्याला माझं सांगणं आहे: टप्प्यात तोच आकडा लिहा जो तुम्ही वाईट महिन्यातही गाठाल. चांगला आकडा अहवालात दिसतोच.

पहिला हप्ता मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र खात्यात आला. स्वतंत्र खातं ही अट आहे आणि ती चांगली आहे, पुढे सीए मॅडमनी तिच्यासाठी आमचे आभार मानले. खरेदीला तीन कोटेशनं. पण आम्हाला हवं असलेलं, दोन इलेक्ट्रोडच्या मधे बसणारं विभाजक पटल आणि ठरावीक शुद्धतेचं सोडियम क्षार देणारा देशात एकच वितरक सापडला. अशा वेळी 'हा माल दुसऱ्याकडे मिळत नाही' असं प्रोप्रायटरी प्रमाणपत्र लागतं. ते आधी जोडायचं असतं, बिल झाल्यावर चालत नाही. हे आम्हाला बिल झाल्यावर कळलं. ४१ हजारांचं ते बिल अनुदानात धरलं गेलं नाही, खिशातून भरलं.

आता कामाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायला आवडतं. बगॅस आधी चाळायचा, माती काढायची. मग सौम्य कॉस्टिकमध्ये गरम धुवायचा म्हणजे सिलिका विरघळते, मग सौम्य ॲसिड, मग पाणी, पाणी आणि पाणी. किलोभर पुडीमागे चाळीस लिटर पाणी जायचं. भागीदाराने तिसऱ्या धुण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरायची साखळी लावली, तेव्हा ते निम्म्यावर आलं. वाळवून आधी पाचशे अंशांवर बंद भांड्यात कोळसा करायचा, दळायचा, आणि मग आर्गॉनमध्ये १,३०० अंश. इथे घाई चालत नाही. आम्ही सुरुवातीला मिनिटाला दहा अंशांनी तापवत होतो. दोन अंशांवर आलो तेव्हा पुडीचं पृष्ठफळ ग्रॅमला चाळीस चौरस मीटरवरून दहाच्या खाली उतरलं. उघडा पृष्ठभाग जेवढा कमी, तेवढं सोडियम त्यावरच्या थरात कमी वाया जातं. बंद पोकळ्या मात्र राहिल्या. चूलीवर दूध आटवणाऱ्या बाईला हे तत्त्व सांगावं लागत नाही.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली. भट्टी १,१०० अंशांवर होती. जनरेटरने भट्टी उचलली नाही, आणि गार होताना ॲल्युमिनाची नळी उभी चिरली. सकाळी मी गाळ्याचं शटर उघडलं तेव्हा आर्गॉनचा सिलिंडर रिकामा होता आणि पूड ठेवायच्या लांबट भांड्यात पांढरी राख पडलेली होती, आत हवा शिरून सगळा कार्बन जळला होता. नवी नळी यायला तीन आठवडे लागले. मी इन्क्युबेटरला त्याच दिवशी फोटोसह पत्र लिहिलं आणि मुदतवाढ मागितली. ती विनातक्रार मिळाली. लपवलं असतं तर मिळाली नसती, असं मला तिथल्या समन्वयक ताईंनी पुढे सांगितलं.

जुलैअखेर त्रयस्थ अहवाल आला. २७८ मिलिॲम्पिअर-तास, ८३ टक्के. भागीदार गाळ्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी घरी फोन केला. बायको म्हणाली, "म्हणजे पुढचे सात लाख येणार ना?"

यायचे होते. अहवाल दिल्यापासून रक्कम जमा व्हायला ७४ दिवस लागले. समितीची बैठक लांबली, एका सदस्याची सही राहिली, गणपती आले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पण गाळ्याचं भाडं, दोन मुलांचे पगार आणि विजेचं बिल बैठकीसाठी थांबत नाही. मी गावच्या पतसंस्थेतून तीन लाख उचलले, मेहुण्याने जामिनावर सही केली. सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीच्या मागे असा एखादा मेहुणा उभा असतो. टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची पद्धत मला मान्य आहे, तिने आमची शिस्त सुधारली. फक्त टप्पा पूर्ण झाल्याचा अहवाल पोचला की तीस दिवसांत किमान निम्मी रक्कम सुटावी, उरलेली बैठकीनंतर. एवढ्याने कितीतरी जणांचं घर गहाण पडणं वाचेल.

पाच किलोच्या बॅचला आमची नळीभट्टी उपयोगाची नव्हती, तिच्यात एका वेळी पंधरा ग्रॅम पूड बसते. भोसरीतच व्हॅक्युम हीट ट्रीटमेंट करणारे एक काका भेटले. त्यांच्या भट्टीत डाय आणि गिअर कडक होतात. त्यांना भीती होती की आमच्या मालातून डांबर निघून भट्टीचा कक्ष खराब होईल. रास्त भीती. आम्ही कोळसा आधी नऊशे अंशांपर्यंत नेला, वजनातली घट मोजून दाखवली, झाकणाच्या ग्राफाइट पेट्या करून आणल्या. मग त्यांनी रविवारची पाळी दिली. तीन रविवार, तीन बॅच. क्षमता २७४, २७९, २७१. डिसेंबरात दुसरा टप्पा मंजूर झाला, आणि यावेळी पैसे पाच आठवड्यांत आले.

पाऊच सेलसाठी कॅथोड आणि जोडणी एका संस्थेकडे होती. दहा सेल बनले. दोन फुगले, आत ओल राहिली होती. आठ सेलनी २०० आवर्तनं पूर्ण केली आणि सुरुवातीच्या क्षमतेच्या ९१ ते ९४ टक्क्यांवर थांबले. तो अहवाल मी छापून घेतला आणि अण्णांना पोस्टाने पाठवला.

आता जे मला मुळात सांगायचंय त्याकडे येतो. आमच्याकडे पंधरा किलो चांगली पूड तयार झाली. पुढे काय?

मे २०२१ मध्ये केंद्राने प्रगत रासायनिक सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य ५० गिगावॅट-तास, आणि वेगळ्या तंत्रज्ञानासाठी आणखी पाच. मुख्य गटात बोली लावायची तर किमान पाच गिगावॅट-तासांचा कारखाना हवा, दर गिगावॅट-तासामागे सव्वादोनशे कोटींची गुंतवणूक हवी. वेगळ्या तंत्रज्ञानाच्या गटातही किमान ५०० मेगावॅट-तास. दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशात झालं पाहिजे, ही तिची अट मला फार महत्त्वाची वाटते. कारण त्या अटीमुळेच मोठ्या सेल-कारखान्यांना एक दिवस देशी ॲनोड लागणार आहे. मार्च २०२२ मध्ये चार कंपन्या निवडल्या गेल्या.

म्हणजे एका टोकाला आमच्यासारख्यांना पाच किलोपर्यंत हात धरून नेणारी योजना आहे. दुसऱ्या टोकाला हजारो टन पूड खाणाऱ्या कारखान्यांना किलोवॅट-तासामागे दोन हजार रुपयांपर्यंत देणारी योजना आहे. पाच किलो आणि हजार टन यांच्या मधे काय? आम्हाला आता महिन्याला टनभर पूड करून दाखवायची आहे. त्याशिवाय एकही सेल-कारखाना आमचा नमुना चाचणीला घेणार नाही, कारण त्यांच्या कोटिंग मशीनला नुसतं सुरू व्हायलाच काही शे किलो लागतात. टनभराची फिरती भट्टी काही कोटींची आहे. बँक तारण मागते. गुंतवणूकदार गिऱ्हाइकाचं पत्र मागतो. गिऱ्हाईक टनभर माल मागतं.

ब्रिटनने हा प्रश्न ओळखला होता. कॉव्हेंट्रीत त्यांनी सरकारी पैशाने, सुमारे १३ कोटी पौंड घालून, बॅटरी औद्योगिकीकरण केंद्र उभारलं, २०२१ पासून ते चालू आहे. तिथे कोणतीही कंपनी आपली रसायनं घेऊन जाते आणि औद्योगिक मापाच्या यंत्रांवर, भाड्याने, सेल बनवून पाहते. सोडियमवर काम करणारी फॅरेडियन ही कंपनी त्याच देशात शेफील्डला वाढली आणि २०२२ च्या सुरुवातीला रिलायन्सने ती दहा कोटी पौंड मूल्य धरून घेतली. ते तंत्रज्ञान भारतीय कंपनीकडे आलं याचा मला आनंदच आहे. पण पुण्यात पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर संशोधन करणारी सी-मेट आहे, पलीकडे आयसर आहे, चाकण-तळेगावला गाड्यांचे कारखाने आहेत, टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. या सगळ्यांच्या मधे एक सामायिक पायलट लाइन, एक मोठी भट्टी, एक ड्राय रूम, भाड्याने, सगळ्यांसाठी खुली, एवढं उभं राहिलं तर आमच्यासारख्या कंपन्यांना स्वतःच्या भिंती बांधायची गरज पडणार नाही आणि सुविधा उभारायला पैसे न देण्याचा नियमही खुशाल राहू दे.

१ जुलै २०२५ ला मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायच्या नऊ पातळ्यांपैकी ते चौथ्या किंवा त्यापुढच्या पातळीला पोचलेलं असेल तर त्यातून दीर्घ मुदतीचं, अल्प किंवा शून्य व्याजाचं कर्ज मिळू शकतं. आमची पूड त्या पातळीला पोचली आहे. कर्ज घ्यायला मला भीती वाटते, पण पतसंस्थेपेक्षा हे बरं. अर्जाची तयारी चालू आहे आणि यावेळी पहिल्याच पानावर बगॅसचा दर आहे.

जूनमध्ये सीए मॅडमनी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, तयार केलं. अठरा लाखांपैकी ६,२८४ रुपये शिल्लक होते, ते आणि खात्यात जमा झालेलं व्याज आम्ही परत भरलं. भरणा पावती फाइलला लावली, फाइल इन्क्युबेटरला दिली, पोच घेतली.

परवा अण्णा पुण्याला आले होते. गाळ्यात आल्यावर त्यांनी बरणी उघडली, चिमूटभर पूड दोन बोटांत चोळली आणि उजेडात धरली.

"राख किती हाय?"

"अर्ध्या टक्क्याच्या खाली, अण्णा."

त्यांनी पुन्हा चोळून पाहिली. आमच्या बॉयलरला असा माल कधी आला न्हाई, म्हणाले. मग बोटं धोतराला पुसत विचारलं, "अवंदा किती पोती लागतील? हंगामाचा पट्टा पडायच्या आत सांग, नंतरचा माल भिजका असतोय."